पहिल्यांदाच एकटीने विमानप्रवास (पुणे-कोलकाता-गुवाहाटी): माहिती हवी, आणि जमलं तर धीरही

पंचगंगाकाठ | १९ मार्च, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते, लिहायला आज पहिल्यांदा बसलेय.

मी इचलकरंजीची, वय ४४. एका सरकारी बँकेत क्लार्क होते, आता ऑफिसर झाले. परीक्षा देताना माहीत होतं की प्रमोशनवर बाहेरच्या राज्यात टाकतात. मनात हैदराबाद, फार तर रायपूर धरलेलं. ऑर्डर आली गुवाहाटीची! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचंय. रेल्वेने मुंबईपासूनच दोन दिवस लागतात. तेही केलं असतं, पण पुढे दर सुट्टीला चार-पाच दिवस नुसते जाण्यायेण्यात घालवणं परवडणार नाही. मिस्टरांनी तिकीट काढून टाकलं. पुण्याहून सकाळी निघून कोलकात्याला बदलायचं, दुपारी गुवाहाटी.

विमानात बसलेय मी यापूर्वी, काशीयात्रेला. पण तेव्हा अख्खं घराणं बरोबर. तिकिटं, आधार कार्डं, बॅगा सगळं दिरांच्या हातात. मी मधल्या सीटवर डोळे मिटून सासूबाईंचा हात धरून बसले होते, आणि त्या नंतर गावभर सांगत होत्या की सून किती जपते. असो.

आता खरं दुखणं सांगते. आमच्या घरामागे माग आहेत, माहेरीही होते. त्या खडखडाटात मी बारावीचा अभ्यास केलाय. एखाद्या मागाचा धोटा नीट जात नसेल तर स्वयंपाकघरात भाकरी थापताना मला कळतं. म्हणजे आवाजाला भिणारी बाई मी नाही. पण विमानातला कुठला आवाज बरोबर आणि कुठला चुकीचा, हेच मला माहीत नाही. पायाखाली मध्येच काहीतरी घासतं, वर गेल्यावर इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, आणि माझ्या पोटात गोळा येतो. त्यात १२ जून २०२५ ची अहमदाबादची दुर्घटना. ते व्हिडिओ अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

घरी कुणाला बोलले नाही. बोलले तर सासूबाई म्हणतील, "मग सोड की ते प्रमोशन." आणि मी लगेच सोडेन, हीच भीती जास्त आहे.

दारापासून सीटपर्यंत काय काय करायचं, कोलकात्यात बॅगेचं काय होतं, सामानात काय चालत नाही, आणि वर गेल्यावर जीव घाबरला तर काय करायचं, कुणी सविस्तर सांगेल का? मूर्खासारखे प्रश्न वाटले तरी चालतील.

---

आकडेबहाद्दर | १९ मार्च, रात्री ११.०५

ताई, २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसं गेली. इचलकरंजी ते पुणे हा कारचा प्रवास तुमच्या अख्ख्या सहलीतला सगळ्यात धोक्याचा भाग आहे. बिनधास्त जा.

---

पंचगंगाकाठ | १९ मार्च, रात्री ११.२०

धन्यवाद. आता मला हायवेचीही भीती वाटायला लागली. :)

खरं सांगू का, हा हिशोब मला पटतो. बँकेत आहे, आकड्यांशी वैर नाही. पण पोटात गोळा येतो तेव्हा तो आकडे विचारून येत नाही.

---

विमाननगरवाली | २० मार्च, सकाळी ७.१५

कामासाठी सतत उडत असते, त्यामुळे पुण्याचं सांगते. क्रमाने वाचा, मग एकदा मोठ्याने म्हणून बघा.

आदल्या दिवशी: वेब चेक-इन करून टाका. सीट तेव्हाच निवडता येते, काही सीटना पैसे पडतात. बोर्डिंग पास मोबाइलवर ठेवा आणि एक छापूनही न्या. फोनची बॅटरी ऐनवेळी मान टाकते.

तिकिटावरचं नाव आज रात्रीच तपासा. आपल्याकडे लग्नानंतर आधारवर एक, पॅनवर एक आणि बँकेत तिसरंच नाव असतं. जे ओळखपत्र दाखवणार त्यावरचं नाव तिकिटावर हवं. मिस्टरांनी प्रेमाने घरातलं नाव टाकलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, दारात हुज्जत घालायची वेळ नको.

टर्मिनलही बघा. लोहगावला जुनी आणि नवी इमारत शेजारी-शेजारी आहेत, नवी जुलै २०२४ पासून सुरू झाली. कारने सोडायला येणाऱ्यांना दारापाशी फार वेळ थांबू देत नाहीत. रडारड करायची असेल तर विमानतळ येण्याआधीच उरकून घ्या.

दारात सीआयएसएफचा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतो. चेहरा दाखवून आत जाण्याची डिजियात्रा रांग वेगळी असते, ती ऐच्छिक आहे, नसली तरी काही अडत नाही. आत गेल्यावर आपल्या कंपनीचा काउंटर. मोठी बॅग तिथे द्यायची. देशांतर्गत प्रवासात साधारण १५ किलो मोठी बॅग आणि ७ किलो हातातली, पण तुमच्या तिकिटावर काय लिहिलंय तेच खरं. बदलीचं सामान आहे, वजन जास्त होणारच. जादा किलो आधी ऑनलाइन घेतले तर काउंटरपेक्षा स्वस्त पडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. काउंटरवर विचारायचं, "बॅग थेट गुवाहाटीला जाणार ना?" दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असतील तर ती थेट जाते आणि कोलकात्यात तुम्हाला पट्ट्याशी उभं राहावं लागत नाही. तरीही विचारायचंच. बॅगेची चिकटपट्टी देतील तिच्यावर शेवटच्या गावाची तीन अक्षरं असतात, गुवाहाटीची जी-ए-यू. ती स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्या.

मग सुरक्षा तपासणी. बायकांची रांग वेगळी, पडद्याआड महिला जवान तपासते. मंगळसूत्र, बांगड्या काढायला लागत नाहीत. यंत्र वाजलं तरी घाबरू नका, माझ्या पिनांनीही वाजतं. पर्स, मोबाइल, पॉवर बँक ट्रेमध्ये. त्यानंतर गेट नंबर शोधायचा आणि मगच चहा प्यायचा, आधी नाही. बऱ्याच विमानतळांवर हल्ली बोर्डिंगच्या घोषणा करत नाहीत, स्क्रीनवर नजर ठेवावी लागते. गेट बदलतं. बदललं की सगळे उठून चालू लागतात, तेवढं लक्षात येतंच.

घाई नको म्हणून दोन तास आधी पोचा. चार तास आधी पोचू नका, बसून बसून भीती वाढते.

---

पंचगंगाकाठ | २० मार्च, सकाळी ९.५०

बाई गं, काय नेमकं लिहिलंय. आत्ताच बघितलं तर तिकिटावर खरंच आधारपेक्षा वेगळं स्पेलिंग आहे. मिस्टरांना कामाला लावलं.

सामानाचं अजून एक. एक छोटी देवाची पेटी नेतेय: बाळकृष्ण, समई, वाती, कापूर, काडेपेटी. शिवाय वर्षभराची चटणी, भडंग, आणि सासूबाईंनी सोलापूरच्या नणंदेकडून आणवलेल्या खोबऱ्याच्या वाट्या. हे हातातल्या बॅगेत ठेवू की मोठ्या?

---

विमाननगरवाली | २० मार्च, सकाळी १०.०२

बाळकृष्ण हातातल्या बॅगेत. समई मोठ्या बॅगेत, टोकदार धातू बघून उगाच थांबवतात. काडेपेटी आणि कापूर कुठल्याच बॅगेत नाही, दोन्ही पेट घेणारे. सुकं खोबरंही घरीच ठेवा, त्यातल्या तेलामुळे नेऊ देत नाहीत. हे तिन्ही गुवाहाटीत वाण्याकडे मिळेल. चटणी, भडंग मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत. लोणचं नेणार असाल तर तेही मोठ्या बॅगेत आणि घट्ट झाकणाचं, नाहीतर ऑफिसच्या साड्यांना कैरीचा वास. पॉवर बँक मात्र बरोबर उलट: ती मोठ्या बॅगेत चालत नाही, हातातच ठेवायची.

---

सहकुटुंब | २० मार्च, दुपारी १.३०

एवढी भीती वाटते तर पहिल्या वेळी मिस्टरांना सोबत घेऊन जा. त्यात कमीपणा काय?

---

पंचगंगाकाठ | २० मार्च, दुपारी २.१०

कमीपणा काहीच नाही, ते तयारही आहेत. पण मग ते परत येणार आणि माझी पहिली एकटीची फेरी दिवाळीला होणार. तोवर सहा महिने मी रोज रात्री तेच घोळवत बसणार. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

---

जुना हँगर | २० मार्च, रात्री ९.१८

धोट्याचं वाचलं आणि राहवलं नाही. मी विमान देखभालीचा इंजिनिअर होतो, सांताक्रूझच्या हँगरमध्ये आयुष्य गेलं, आता चिपळूणला आंब्याची चार झाडं बघतो. तुम्हाला धीर-बीर देत नाही. आवाज सांगतो, तुमचा कान तयार आहे.

तुमचं विमान बहुधा एअरबस ए३२० घराण्यातलं असेल, आपल्याकडे या मार्गांवर तीच जास्त. दार बंद झालं, इंजिन सुरू करायची वेळ आली की एसीची हवा एकदम बंद होते. बिघाड नाही. इंजिन फिरवायला लागणारी दाबाची हवा आणि एसीची हवा एकाच ठिकाणाहून येते, म्हणून तेवढा वेळ एसी थांबवतात. याच सुमारास पायाखालून करवत चालवल्यासारखा घर्र-घर्र आवाज येईल, थांबेल, परत येईल. पायाखाली घासतं म्हणालात तो हाच असणार. विमानात हायड्रॉलिकच्या वेगवेगळ्या यंत्रणा असतात, एकीचा दाब कमी असला की दुसरी तिला मदत करते, ती मदत करणारी मोटर ओरडते. पंधरा वर्षं मी तो ऐकला, आणि प्रत्येक वेळी एखादा तरी प्रवासी खिडकीतून खाली बघायचा.

धावपट्टीकडे जाताना पंखांकडून गुंऽऽ असा आवाज: पंखांच्या मागच्या फळ्या, म्हणजे फ्लॅप, बाहेर येतात. मग धाव. अर्ध्या-पाऊण मिनिटाची. नाकाखाली टकटकटक वाजलं तर ते धावपट्टीच्या मधोमध बसवलेले दिवे, पुढचं चाक त्यांच्यावरून जातं. उचलल्यावर काही सेकंदांत खालून धडाम्. चाकं पोटात गेली आणि दारं लागली. हा आवाज आला पाहिजे.

आता तुमचा पोटातला गोळा. उड्डाणानंतर साधारण मिनिटभराने इंजिनाचा जोर मुद्दाम कमी करतात. उचलायला जितकी ताकद लागते तितकी वर चढत राहायला लागत नाही. आवाज उतरतो, नाक थोडं खाली येतं, आणि आपल्या कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वाटतं की आपण पडतोय. विमान त्याही वेळी चढतच असतं. समोर उंचीचा आकडा दाखवणारी स्क्रीन असती तर तुम्हाला दिसलं असतं. नाही, म्हणून सांगून ठेवतो.

उतरताना उलट. बराच वेळ इंजिन जवळजवळ गप्प असतं. मग पंखावरच्या पट्ट्या उभ्या राहतात आणि सगळं विमान थरथरतं, वेग मारायचा असतो. नंतर चाकं बाहेर येतात, वाऱ्याचा मोठा घोंघाट होतो. टेकल्यावर इंजिनाची गर्जना, ती ब्रेकला मदत म्हणून. पाऊस असेल तर पायलट जरा दणकून टेकवतो, ओल्या पट्टीवर चाकांनी पाणी कापून जमीन धरावी म्हणून. मागची मंडळी "काय आपटलं" म्हणतात, पण तेच बरोबर असतं. आणि कधी अगदी खाली येऊन विमान परत वर गेलं तर तेही नेहमीचं. पट्टीवर दुसरं विमान असेल, वारा फिरला असेल. न जमलेलं उतरणं सोडून देणाऱ्या पायलटवर माझा जास्त भरवसा.

हादऱ्यांबद्दल. पंख हलताना दिसतील, ते हलायलाच हवेत. प्रत्यक्षात येऊ शकेल अशा जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार पंखांनी पेलल्याशिवाय त्या जातीच्या विमानाला परवाना मिळत नाही. हादऱ्यांत माणसं जखमी होतात ती बहुतेक पट्टा न लावल्याने. दिवा विझला तरी पट्टा सैलसर लावूनच ठेवा. एप्रिलात बंगाल-आसामकडे दुपारनंतर वादळं उठतात, बंगालमध्ये कालबैसाखी म्हणतात. सकाळचं विमान घेतलंत ते उत्तम. जागा पंखांजवळ घ्या, शेपटीला हेलकावे जास्त लागतात.

एक इंजिन बंद पडलं तर? दुसऱ्यावर उडता येतं आणि उतरताही येतं. ऐन उड्डाणात एक गेलं तरी वर जाता यावं असं गणित प्रत्येक उड्डाणाआधी त्या दिवशीचं वजन, तापमान, पट्टी बघून मांडतात, आणि पायलटांची परीक्षा दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये याच गोष्टींवर होते.

अहमदाबादविषयी मी इथे तर्क लढवणार नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाने टीव्हीसारखं बोलू नये. एवढंच सांगतो की अशी एक दुर्घटना झाली की तिच्यातला एकेक सुटा भाग महिनोन् महिने टेबलावर मांडून बघतात आणि जे सापडेल ते जगभरच्या हँगरमध्ये लागू होतं. आम्ही रात्रपाळीत जे तक्ते भरायचो त्यातल्या कित्येक ओळी कुणाच्या तरी मरणातून आलेल्या असायच्या.

जाता जाता: लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे सुखोई असतात. गेटवर बसलेल्या असताना काच थरथरेल असा आवाज आला तर तो तुमच्या विमानाचा नव्हे. आणि तिथे फोटो काढू नका.

---

पंचगंगाकाठ | २० मार्च, रात्री १०.३५

काका, काय लिहू. दोनदा वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं, क्रमाने. "हा आवाज आला पाहिजे" याच्याखाली रेघ मारलीय. आजवर मला सगळे "आवाजाकडे लक्षच देऊ नकोस, गाणी ऐक" असं सांगत आले. माझ्याकडून ते होतच नाही हो, कान आपोआप तिकडेच जातो.

---

ऑरेंज सिटी | २१ मार्च, सकाळी ८.४५

ताई, मी नागपूरचा. आवाजाचं काकांनी सांगितलं, मी शरीराचं सांगतो, कारण मला हे होऊन गेलंय. मुंबईच्या फ्लाइटमध्ये दार बंद झालं आणि छाती आवळली, बोटांना मुंग्या, घाम. मला वाटलं अटॅकच आला बाप्पा. नंतर ईसीजी, रक्त सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक. मग मी वर्षभर मीटिंगच्या आदल्या दिवशी काहीतरी कारण काढून तिकीट रद्द करायचो आणि विदर्भ एक्स्प्रेस पकडायचो. तिकीट रद्द केलं की इतकं मोकळं वाटायचं! समुपदेशक बाईंनी तेच दाखवून दिलं: ते मोकळं वाटणं हाच भीतीचा खुराक. टाळलं की सुटका, म्हणून पुढच्या वेळी ती आणखी जोरात येते. तुम्ही मिस्टरांना नको म्हणालात ते वाचून बरं वाटलं.

काय उपयोगी पडलं ते सांगतो. घाबरल्यावर आपण भराभरा श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, गरगर सुरू होते. मग आपण त्यालाच घाबरतो. म्हणून "खोल श्वास घे" म्हणणाऱ्याचं ऐकू नका, श्वास सोडण्याकडे लक्ष द्या. चार मोजत घ्या, सहा-सात मोजत सोडा, पाच मिनिटं. हे आजपासून घरी रोज करा, तिथे जाऊन पहिल्यांदा करायला गेलात तर जमत नाही. दुसरं, पोटऱ्या आणि मुठी पाच सेकंद घट्ट आवळायच्या आणि सोडायच्या. शेजाऱ्याला कळतही नाही.

आत चढताना दारातल्या एअर होस्टेसला सांगा, "मी पहिल्यांदाच एकटी जातेय, मला थोडी भीती वाटते." एवढंच. त्यांना हे नवीन नसतं. मी सांगायला लाजायचो. सांगितल्यावर मधूनमधून येऊन विचारून जायच्या, अर्धं ओझं तिथेच उतरायचं.

सकाळी कॉफी नको, उपाशीही जाऊ नका. गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आणि आधी घरी एकदा घेऊन बघा की ती तुम्हाला कशी लागते. मैत्रिणीने दिलेली गोळी विमानात पहिल्यांदा घ्यायची नाही, कोलकात्यात झोप लागली तर पुढचं विमान चुकेल.

आणि भीती शून्य होईल ही अपेक्षा ठेवू नका. मला आजही दार लागताना एक कळ येते. तिला येऊ देतो, मी आपलं शब्दकोडं काढतो.

---

बोरझार | २१ मार्च, दुपारी १२.२०

मूळचा साताऱ्याचा, सध्या नोकरीने गुवाहाटीत. उतरल्यावरचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

विमानतळ बोरझारला आहे, शहरापासून वीसेक किलोमीटर. बाहेर प्रीपेड टॅक्सी मिळते, ॲपच्या गाड्याही. इथे उजाडतं लवकर आणि मावळतंही लवकर. एप्रिलात पावणेसहाला सूर्य जातो, डिसेंबरात साडेचारलाच. दुपारी उतरताय ते छान, खोलीवर पोचून चहा होईपर्यंत उजेड राहील. पुढची तिकिटं काढतानाही हे धरून चाला.

कोलकाता-गुवाहाटी तासा-सव्वातासाचा पल्ला, बांगलादेशावरून. डावीकडची खिडकी घ्या. हवा स्वच्छ असली तर लांब कांचनजंगा दिसतो. एप्रिलात धुरकट असतं, त्यामुळे शब्द देत नाही. उतरताना ब्रह्मपुत्रा दिसेल ती मात्र नक्की. पंचगंगेच्या माणसाला ती नदी वाटतच नाही आधी.

एप्रिलच्या मध्यात रोंगाली बिहू असतो, शहर सुट्टीच्या मूडमध्ये जातं. घर शोधणं, गॅस, बँकेतली कागदपत्रं त्याच्या आधी उरका.

---

आकडेबहाद्दर | २१ मार्च, दुपारी १२.४५

मी काहीच कामाचं लिहिलं नाही असं दिसतंय. वेब चेक-इन बहुतेक कंपन्यांचं ४८ तास आधी उघडतं. डावीकडची, पंखांजवळची पण पंखाच्या जरा पुढची खिडकी हवी असेल तर उघडताच बसा.

---

पंचगंगाकाठ | ९ एप्रिल, रात्री ९.५५

पोचले! हजरही झाले. उशीर झाला कारण इथे घराचं, नेटचं जमायला वेळ गेला.

सविस्तर सांगते, तुमचा हक्क आहे.

पुण्यात दारात शिरेपर्यंत ठीक होते. मिस्टर काचेपलीकडून हात करत होते, मी मागे वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर परत गेले असते. काउंटरवर "बॅग थेट गुवाहाटीला ना?" असं इतक्या जोरात विचारलं की बाजूच्या रांगेतल्या माणसानेही आपली चिकटपट्टी तपासली. जी-ए-यू वाचलं. पडद्याआड महिला जवानाने नाव ऐकून विचारलं, "कोल्हापूरकडच्या काय?" ती जयसिंगपूरची निघाली. तेवढ्याने मला उगाच माहेरचं कुणीतरी भेटल्यासारखं झालं.

विमानाच्या दारात सांगितलं, भीती वाटते म्हणून. मराठीतच बाहेर पडलं, त्या मुलीला कळलं की नाही देव जाणे. पण ती हसली आणि सीटपर्यंत आली.

काका, एसी बंद झाला! आणि मग करवत. शेजारचा कॉलेजचा पोरगा दचकून इकडेतिकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, "हायड्रॉलिक आहे, होतं तसं." त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी रोजच उडते. नंतर नाकाखालची टकटक आली, मग धडाम्. वहीत लिहिलेल्या क्रमाने एकेक येत गेलं आणि मी मनातल्या मनात बरोबरच्या खुणा करत होते. आवाज उतरला तेव्हा गोळा आलाच. माहीत असूनही आला. सहा मोजत श्वास सोडत राहिले, पोटऱ्या आवळल्या. दोन-तीन मिनिटं वाईट गेली, खोटं कशाला सांगू. मग चहाची गाडी आली आणि मी भडंगाची पुडी काढली.

कोलकात्यात गेट बदललं. सगळे उठले तशी मीही उठले. पुन्हा तपासणी झाली, पण तोवर सराईत झाले होते.

दुसरं विमान मात्र सोपं नव्हतं. ढग होते, कांचनजंगा सोडा, पंखाचं टोकही धड दिसत नव्हतं. चांगलेच हादरे बसले, चहा वाटणं थांबवून त्या मुलींनाही बसायला सांगितलं. तेव्हा काकांचं दीडपट-बिडपट काही आठवलं नाही, रामरक्षा आठवली, तीही अर्धी. शेजारी मेखला-चादर नेसलेल्या एक आजी होत्या. त्यांनी माझी मूठ बघितली आणि पर्समधून कच्च्या सुपारीचा तुकडा आणि पान काढून दिलं. तामूल म्हणतात इथे. मी कधी न खाणारी, खाल्लं. कान गरम झाले, घाम फुटला, आणि पुढची दहा मिनिटं विमानापेक्षा त्या सुपारीचीच काळजी लागली! ऑरेंज सिटी, हा उपाय तुमच्या यादीत नव्हता.

उतरताना ढग फाटले आणि नदी दिसली. बोरझार, खरंय तुमचं. आधी वाटलं पूर आलाय.

घरी फोन केला तेव्हा सासूबाईंना सगळं सांगितलं, काशीच्या हात धरण्यासकट. त्या म्हणाल्या, "मला काय ते कळत नव्हतं व्हय?"

आता पुढचा प्रश्न. जूनमध्ये लेकाच्या कॉलेज प्रवेशासाठी येईन. स्वस्तातलं तिकीट पुण्याला रात्री साडेअकराला उतरवतं. तिथून स्वारगेटला जाऊन रात्रीची एसटी धरावी की पुण्यातच थांबावं? आणि जूनमध्ये इकडून निघताना हवा कशी असते?

---

विमाननगरवाली | ९ एप्रिल, रात्री १०.२०

अभिनंदन. साडेअकराचं विमान बऱ्याचदा बाराला टेकतं, बॅग येईपर्यंत साडेबारा. एवढ्यासाठी स्वारगेटला धावू नका. पुण्यात कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्याकडे, नाहीतर माझ्याकडे. गंमत करत नाही, मेसेज करा. सकाळी पहिल्या एसटीने जा.

---

बोरझार | ९ एप्रिल, रात्री १०.४०

जूनमध्ये इकडे पाऊस पूर्ण सुरू झालेला असतो. निघताना सकाळचंच विमान घ्या आणि कोलकात्यात मध्ये निदान अडीच-तीन तास ठेवा, पावसाने पहिलं विमान लांबलं तर दुसरं सुटायला नको. दोन्ही एकाच तिकिटावर हवीत. तुकडे करून स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका, मग उशीर झाला तर पुढच्या विमानाची जबाबदारी कुणीच घेत नाही.

बिहूच्या सुट्टीत कुठे जाताय? पान बझारला मराठी बोलणारे सराफ आहेत, सांगली-आटपाडीकडचे. ओळख करून देतो.